तोच ओगर, तेच ५९ हिट पॉइंट

आमच्याकडे नाशिकमध्ये गंगापूर रोडला दर रविवारी दुपारी तीनला पाच जण जमतात आणि रात्री आठपर्यंत डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचा खेळ, चालतो. आवृत्ती पाचवी, २०१४ ची. डीएम (डन्जन मास्टर) मी, म्हणजे गोष्टीतलं जग, गावकरी, हवापाणी आणि शत्रू हे सगळं माझ्याकडे. बाकीचे पाच जण आपापलं एकेक पात्र चालवतात: योद्धा, चोर, जादूगार, धनुर्धर आणि पुजारीण. पुजारीण हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीतली आहे, उंचीला तीन फूट. तिची ही उंची पुढे फार महत्त्वाची ठरली. खेळाडूंनाही इथे त्यांच्या पात्रांवरूनच ओळखते.

गेल्या हिवाळ्यात मी एकच शत्रू चार वेळा टेबलावर आणला. पहिल्या दोन लढायांत सगळे कंटाळले, तिसरीत एका मुलीवर अन्याय झाला, आणि चौथी माझ्या आजवरच्या डीएमगिरीतली सगळ्यात चांगली लढाई ठरली. शत्रूचे आकडे पहिल्या आणि चौथ्या वेळी अगदी सारखेच होते. मग बदललं काय, ते वहीतल्या नोंदी समोर ठेवून सविस्तर लिहिते आहे. मराठीतून खेळ चालवणारे माझ्यासारखे बरेच जण याच खड्ड्यात अडकलेले मी पाहिले आहेत.

पुलावर

प्रसंग साधा रचला होता. गावाकडे जाणारा दगडी पूल, त्यावर वाट अडवून उभा असलेला एक ओगर, म्हणजे नऊ-दहा फुटी आडदांड राक्षस, आणि त्याच्या पायाशी चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. ओगरचे हिट पॉइंट, म्हणजे पडेपर्यंत तो सोसेल तेवढा मार, ५९; आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला गाठायचा आकडा, ११; सोट्याचा फटका सरासरी १३ चा. गॉब्लिनचे हिट पॉइंट अवघे ७, पण आर्मर क्लास १५. पात्रं सगळी तिसऱ्या लेव्हलची. नियमपुस्तकातला हिशोब मी नीट केला होता. ओगरचे ४५० गुण आणि चार गॉब्लिनचे ५० प्रमाणे २०० असे एकूण ६५०, शत्रू पाच म्हणून त्याची दुप्पट १३००. तिसऱ्या लेव्हलच्या पाच जणांसाठी ११२५ च्या वर लढाई ‘हार्ड’ धरतात आणि २००० च्या वर ‘डेडली’. म्हणजे कागदावर माझी लढाई चांगलीच कठीण होती.

ती सहा फेऱ्या चालली. गॉब्लिन दुसऱ्या फेरीअखेर संपले. मग पाचही जणांनी ओगरला घेरलं आणि तो पडेपर्यंत आळीपाळीने फासे टाकले. “मारते.” “सतरा, लागला?” “लागला.” “आठ डॅमेज.” “पुढचा.” खेळातली एक फेरी सहा सेकंदांची असते. छत्तीस सेकंदांच्या मारामारीला आमचे एक तास चाळीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात ओगर जागचा हलला फक्त एकदा, पहिल्या फेरीत, दहा फूट.

रात्री ताटल्या उचलताना चोर चालवणाऱ्या मुलीच्या जागेवर माझी नजर गेली. चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढून तिने वर्तमानपत्राच्या कडेने एका ओळीत लावले होते. मोजले तर ३१ भरले. तिची काहीच तक्रार नव्हती, निघताना “मजा आली ताई” असंही म्हणाली होती. पण एकतीस शेंगदाणे सरळ रेषेत लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिला माझ्या गोष्टीत करण्यासारखं काही नव्हतं. ते मला फार लागलं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यात आधी सुचणारा उपाय केला: शत्रू तगडा करायचा. ओगरचे हिट पॉइंट पुस्तकात ‘सात दहा-बाजूंचे फासे अधिक २१’ असे दिलेले आहेत. सगळे फासे दहावर पडले असं धरलं तर ९१ होतात. मी ९१ धरले, ओगरही दोन केले आणि गावाच्या वेशीवर उभे केले. लढाई अडीच तास चालली. जादूगाराचे स्पेल संपले, योद्धा एकदा बेशुद्ध पडला. धोका वाढला, काम मात्र तेच राहिलं: उभं राहा, फासा टाका, आकडा सांगा. या खेपेला शेंगदाणे मोजायचं धाडस मला झालं नाही.

खोट कुठे होती

त्या आठवड्यात मी दोन्ही लढाया वहीत फेरीवार पुन्हा मांडल्या. पहिली गोष्ट दिसली ती अशी की एकदा भिडल्यावर कुणीच हलत नव्हतं, आणि त्यात खेळाडूंचा दोष नव्हता. नियमच तसा आहे. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पाऊल टाकलं की त्याला एक फुकट वार मिळतो. हाच तो ऑपॉर्च्युनिटी अटॅक. तो टाळून मागे सरायचं तर ‘डिसएंगेज’मध्ये अख्खी अॅक्शन, म्हणजे त्या पाळीतलं मुख्य काम, जाते. हलून काही मिळणार नसेल तर शहाणा खेळाडू हलत नाही. माझ्या पुलावर हलून मिळवण्यासारखं काहीही नव्हतं. आडोसा नव्हता, उंचवटा नव्हता, वाचवायला कुणी नव्हतं, पळून जाणारं काही नव्हतं.

दुसरी गोष्ट गॉब्लिनांची, आणि ती कळली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. गॉब्लिनच्या पानावर ‘निंबल एस्केप’ नावाची एक ओळ आहे. प्रत्येक पाळीत बोनस अॅक्शन म्हणून तो डिसएंगेज करू शकतो किंवा लपू शकतो. बाकीच्यांना ज्यासाठी अख्खी अॅक्शन खर्चावी लागते, ते त्याला वार करूनही जमतं. म्हणजे हा प्राणी बोचकारून पळणारा आणि लपून पुन्हा येणारा आहे, हे त्या एका ओळीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ती ओळ मी वीस वेळा तरी वाचली असेन. वाचूनही मी चार गॉब्लिन भर पुलावर छाती काढून उभे केले, आणि ते सात-सात हिट पॉइंट घेऊन मेले.

तिसरी गोष्ट सगळ्यात मुळाची. वहीत मी स्वतःलाच विचारलं की ओगर पुलावर का उभा होता. उत्तर नव्हतं. पात्रं तिथून जाणार होती म्हणून तो तिथे होता, एवढंच. त्याला भूक नव्हती, भीती नव्हती, जायला दुसरी जागा नव्हती. म्हणून तो शून्यावर येईपर्यंत लढला. जिवंत प्राणी असं करत नाही.

हा खेळ १९७४ साली आला तो सैन्याच्या छोट्या प्रतिकृतींनी लढायच्या युद्धखेळांतून, त्यामुळे त्याच्या नियमांत मारामारीचा भाग आजही मोठा आहे. पण जुन्या नियमांत एक चांगली सोय होती. १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक शत्रूला धैर्याचा एक आकडा होता. त्यांच्यातला पहिला पडला की एकदा, आणि निम्मे पडले की पुन्हा, दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की शत्रू माघार घेणार. गॉब्लिनचा आकडा ७, म्हणजे ३६ पैकी १५ शक्यतांत तो पळणार. पळणारा शत्रू आपोआप नवे प्रश्न उभे करतो. पाठलाग करायचा का? तो कुणाला जाऊन सांगेल? कुठे जाईल? हा नियम मी त्याच दिवशी आमच्या टेबलावर परत आणला. पण पळायचं कुठे, याचं उत्तर नियमपुस्तकात नव्हतं. ते मला निफाडला मिळालं.

मामाच्या उसात

मामाचं शेत निफाड तालुक्यात आहे. डिसेंबरात मी दोन दिवस गेले होते. तिकडची थंडी सांगायला नको, पेपरात दरवर्षी येतेच. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती, त्यामुळे मामा साडेअकराला उसाला पाणी द्यायला, म्हणजे दारं धरायला निघाला आणि मी हट्टाने बरोबर गेले. त्याच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात भजन. मी म्हटलं, एवढ्या रात्री एवढा आवाज कशाला? तर म्हणाला, “त्याला कळू दे ना आपण येतोय ते.”

त्याला म्हणजे बिबट्याला. शेतात रात्री नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात.

बांधाजवळ माझ्या बुटाची लेस सुटली म्हणून मी वाकले, तर मामाने दंडाला धरून मला सरळ उभं केलं. “खाली बसू नको. लेस घरी गेल्यावर बांध.” कारण त्याने मग चालता चालता सांगितलं. दोन पायांवर उभा माणूस बिबट्याच्या डोक्यात भक्ष्य म्हणून बसत नाही. बसलेला, वाकलेला माणूस मात्र शेळी-कुत्र्याच्या उंचीला येतो. एकट्याने उघड्यावर बसू नका, घोळक्याने चला, बोलत चला, हे वनखातंही गावोगाव सांगत असतं. आणखी एक गोष्ट मामाने सांगितली, ती मी जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली: “कुत्रं भुंकतंय ना, तोवर काय नाय. गप झालं का मग बॅटरी मार चारी बाजूंनी.”

आम्ही त्या उसाच्या कडेला अर्धा तास उभे होतो. ऊस सरीने लावलेला असतो हे लहानपणापासून माहीत होतं, पण त्या रात्री मी तो डीएमच्या डोळ्यांनी पाहिला. सरीच्या तोंडाशी उभं राहून बॅटरी मारली की उजेड लांबवर आत जातो, माणूस वाकून सरीतून झपझप चालू शकतो. तेच आडवं जायचं म्हटलं तर प्रत्येक पावलाला ऊस बाजूला सारावा लागतो, पातं हाताला कापतं आणि खालचं वाळलेलं पाचट कुरकुर वाजतं. हाताच्या अंतरावर कोण आहे दिसत नाही, पण कुणी हललं की ऐकू मात्र येतं. वर पाहिलं तर तुरे. वारा पडलेला असताना एकच तुरा हलला तर खाली काहीतरी आहे.

पलीकडे निम्मा फड तोडून झाला होता. तोड सुरू झाली की बिबट्या जास्त दिसतो तो याचमुळे. त्याची लपायची जागा रोज थोडी थोडी कमी होत जाते. पिल्लं उसात, आडोसा उसात, आणि कोयता रोज पुढे सरकतोय. मग तो सैरभैर होतो, वस्तीकडे येतो, आणि कित्येकदा बिनकठड्याच्या विहिरीत पडतो. तसं झालं की लोक दोराने बाज खाली सोडतात, म्हणजे त्याला पाण्यावर टेकायला जागा मिळते. मग पिंजरा नाहीतर शिडी उतरवून त्याला वर यायची वाट करून देतात.

परत येताना माझ्या डोक्यात पुलाचा मागमूसही उरला नव्हता.

ऊस कागदावर

घरी येऊन आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. खेळात नकाशाचा एक चौकोन पाच फुटांचा असतो. सऱ्यांमधलं अंतर साधारण तेवढंच धरून मी एका चौकोनाला एक सरी ठरवली. सरीच्या दिशेने चालाल तर पूर्ण वेग, आडवं जाल तर निम्मा. आत शेजारच्या चौकोनापलीकडचं दिसणार नाही. आडव्या चालीला पाचट वाजतं, त्यामुळे लपून जायचं असेल तर सरीतूनच. गॉब्लिन बुटके असल्याने त्यांना दोन्ही दिशांना पूर्ण वेग. या एका बदलाने त्यांची निंबल एस्केप जिवंत झाली. सरीतून येऊन सुरा मारायचा, बाजूच्या सरीत शिरायचं, लपायचं. सात हिट पॉइंटचा प्राणी असाच लढणार.

मग ओगर. आकडे पुस्तकातले, पहिल्या दिवसाचे, ५९ च. पण आता त्याला काहीतरी हवं होतं: शेळ्या. गावाच्या सहा शेळ्या बांधावर बांधलेल्या. तो एक उचलणार आणि जाणार. त्याला लढायचंच नाही. गॉब्लिन त्याच्या उरलेल्यावर जगतात, म्हणून ते माणसांना उसात गुंतवून ठेवणार. हिट पॉइंट ३० किंवा कमी उरले की ओगर हातातलं टाकूनही पळणार. आणि गावकरी मोबदला देणार तो जिवंत शेळ्यांच्या हिशोबाने, मेलेल्या शत्रूंच्या नव्हे. एवढ्यावरून लढाईचा अख्खा प्रश्न बदलला. आता त्याला ठार कसं करायचं यापेक्षा त्याला जाऊ कसं द्यायचं नाही, हे महत्त्वाचं झालं.

इथेच धरपकडीचा नियम वाचताना मी सावरून बसले. पकडलेल्या प्राण्याला ओढत नेताना वेग निम्मा होतो, पण तो प्राणी आकाराने दोन पायऱ्या लहान असेल तर होत नाही. ओगर ‘लार्ज’, शेळी ‘मीडियम’, म्हणजे एकच पायरी, वेग ४० वरून २० फूट. हाफलिंग ‘स्मॉल’, दोन पायऱ्या. पुजारिणीला उचललं तर ओगर पूर्ण ४० फूट पळणार, आणि बाकीच्यांचा वेग ३०. ओगरच्या डोक्यात हे गणित येणार नाही, त्याची बुद्धी ५ च आहे. पण त्याचा स्वभाव मी मामाकडून आणला होता: जो वाकला, बसला किंवा पडला, त्याच्यावर झेप. जखमी माणसाला बरं करायला वाकणार कोण? पुजारीणच.

नाशिक रोडचा प्रयोग

घरच्या टेबलाआधी मी हे नाशिक रोडला मावसभावाच्या कॉलेजच्या ग्रुपवर खेळवून पाहिलं, आणि चांगलंच फसले. अंधारात उसातून ओगर आला, वाकलेल्या पुजाऱ्याला उचललं, दोन फेऱ्यांत ८० फूट आत नेलं. सुटकेचे दोन्ही फासे वाया गेले. बाकीचे सरींत चुकले. तो पुजारी एक मुलगी चालवत होती. कॅरेक्टर शीट उलटी ठेवून ती म्हणाली, “ताई, मला काही करताच आलं नाही.” तिचं शंभर टक्के बरोबर होतं. ओगरचा स्वभाव मला माहीत होता, तिला नव्हता. शत्रूचा नियम फक्त डीएमच्या वहीत असेल तर खेळाडूच्या बाजूने तो नशिबाचा घाला होतो.

म्हणून मी दोन गोष्टी घातल्या. एक, झेप पडण्याआधी तीन खुणा, एकेका फेरीच्या अंतराने: कुत्रं गप्प होतं, वारा नसताना तुरे हलतात, पाचट वाजायचं थांबतं. दोन, ओगरला थोपवायचा उपाय. तीन किंवा जास्त जण जवळजवळ, ताठ उभे राहून आवाज करत असतील तर ओगर ती पाळी नुसता भोवती घुटमळण्यात घालवतो. हा उपाय कुणी सांगायचा नाही. गावातल्या म्हातारीच्या तोंडी मात्र एक वाक्य ठेवलं: “आमच्याकडं रात्रीचं बसून कुणी बोलत नाय.” वाक्य ध्यानात आलं तर आलं.

चौथा रविवार

गावकऱ्यांनी नुसतं ‘जनावर’ म्हटलं होतं. पाचही जण बांधावर शेळ्यांपाशी राखणीला होते. मी सांगितलं, “इतका वेळ भुंकणारं कुत्रं गप्प झालंय.”

धनुर्धर चालवणारा मुलगा मूळचा सिन्नरकडचा. एरवी तो सगळ्यात कमी बोलतो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, “कुणी खाली बसू नका.” बाकीचे त्याच्याकडे बघायला लागले. “घरी आम्हाला लहानपणापासून सांगतात,” तो म्हणाला आणि खुर्चीतून उठून उभा राहिला, जणू तो बांध आमच्या हॉलमध्येच होता. पुस्तकातलं काहीही त्याला तिथे उपयोगी पडलं नाही. घरून आणलेलं ज्ञान कामाला आलं. आपल्या गावची जमीन आणि आपल्याकडचे प्राणी खेळात आणायचे ते याचसाठी, असं मला मनापासून वाटतं. बर्फातल्या लांडग्यांबद्दल आमच्या टेबलावर कुणालाच काही माहीत नाही.

पहिल्या फेरीत गॉब्लिनांनी योद्ध्याला दोन सुरे मारले आणि गायब झाले. योद्धा रागाने आडवा उसात घुसला, निम्म्या वेगाने अडकला. चोर त्याच्या मागे न जाता सरीच्या तोंडाशी गेली, पाचट कुठे वाजतं ते ऐकत बसली नाही, उभी राहिली, आणि बाहेर पडणाऱ्या गॉब्लिनला तिथेच गाठलं. पहिला गॉब्लिन पडला म्हणून मी धैर्याचे फासे टाकले: पाच आणि चार, नऊ. उरलेले तिघे शेळ्या सोडून पळाले. “पळाले? म्हणजे खरंच पळाले?” जादूगाराने विचारलं. आमच्या टेबलावर शत्रू पळण्याची ती पहिलीच वेळ होती.

तेवढ्यात योद्धा तीन हिट पॉइंटवर आला, कारण उसात त्याच्यासमोर ओगर उभा राहिला होता. सोटा लागून तो बांधावर आदळला. पुजारिणीची पाळी. ती योद्ध्याकडे निघाली आणि थबकली. “त्याच्यावर हात ठेवायला वाकावं लागेल का?” मी म्हटलं, तो आडवा पडलाय, वाकावंच लागेल. टेबलावर शांतता. मग तिने बाकीच्यांना सांगितलं, “तुम्ही तिघं माझ्याभोवती उभे राहा, ओरडत राहा, मग मी वाकते.” तिघे उभे राहिले. ओगरने ती पाळी भोवती घुटमळण्यात घालवली. कुणी एकही वार केला नव्हता, तरी त्या रात्रीचा सगळ्यात ताणाचा क्षण तोच होता.

मग त्याने शेळी उचलली आणि निघाला. जादूगाराने लगेच ‘बर्निंग हँड्स’ म्हटलं. पंधरा फुटांचा आगीचा झोत, आणि स्पेलमध्येच लिहिलंय की कुणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या पेटणाऱ्या वस्तू पेट घेतात. धनुर्धराने त्याचा हात धरला. “पाचट आहे खाली. सगळा फड जाईल.” खेळात तो मंत्र काही सेकंदांचा, पण या दोघांचा वाद खरी पाच मिनिटं चालला: एका शेळीपायी गावाचं वर्षाचं पीक जाळायचं का. शेवटी जादूगाराने ‘मायनर इल्युजन’ वापरली. त्यात नुसता आवाजही काढता येतो, ढोलाइतका मोठा. त्याने ओगरच्या पुढ्यात, सरीच्या टोकाला, हलगी वाजवली. समोरून हलगी आणि मागून बाण. ओगर आडवा वळला. तिथे नकाशावर मी पहिल्यापासून गवताने झाकलेली बिनकठड्याची विहीर काढून ठेवली होती. ओगरचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे आपसूक काही ध्यानात येण्याचा आकडा, ८ च. विहीर त्याला दिसली नाही. शेळी काठावर निसटली, तो तीस फूट खाली पाण्यात पडला, तीन सहा-बाजूंच्या फाशांचं डॅमेज. त्याचे १९ हिट पॉइंट उरले.

नऊ फेऱ्या झाल्या होत्या, एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे पुलापेक्षा जास्त. चिवड्याची ताटली भरलेलीच होती.

धनुर्धराजवळ अकरा बाण होते, आणि तीन बाणांत ते संपलं असतं. पण ओगर कपारीला धरून वर बघत होता, आणि पुस्तकाप्रमाणे त्याला कॉमन भाषा येते. त्याच्यासाठी मी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं. तेवढंच बोलले: “ऊस कापू नका.”

यावर ते वीस मिनिटं भांडले. योद्ध्याला आणि धनुर्धराला त्याला तिथेच संपवायचं होतं. पुन्हा येईल, पुढच्या वेळी माणूस नेईल, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चोर, जादूगार आणि पुजारीण दुसऱ्या बाजूला. पुजारिणीने विचारलं, गावात बाज मिळेल का. मिळाली. दोराने खाली सोडली, मग कडुनिंबाचं एक लांब लाकूड तिरकं लावलं. पश्चिमेच्या डोंगरात जायचं आणि परत यायचं नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो कबुली किती पाळेल हे मी अजून ठरवलेलं नाही. ओगरचे पूर्ण ४५० गुण मी दिले, कारण अडचण सुटली होती.

ओगर लाकडावरून वर आला. अंगावरून पाणी गळत होतं. काठावर पाचही जण उभे होते आणि सरीकडे जायची वाट त्यांच्यामधूनच होती. प्रत्येकाच्या टप्प्यातून तो बाहेर पडणार होता, म्हणजे पाचही जणांना ऑपॉर्च्युनिटी अटॅक. नियम तो नियम. मी एकेकाला विचारलं. पुजारीण, नाही. जादूगार, नाही. चोर, नाही. धनुर्धर बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला, मग म्हणाला, नाही.

योद्ध्याने वीस बाजूंचा फासा मुठीत धरला होता. त्याचे अजून तीनच हिट पॉइंट कमी होते, पुजारिणीने बाकीचे भरून दिले होते. त्याने फासा एकदा हातात खुळखुळवला आणि टेबलावर ठेवून दिला.